यादीबाहेरचे शब्द

४ जानेवारी, रविवार

आज भर सभेत नाक कापलं गेलं, तेही पोटच्या पोरीकडून.

त्या शाळेचा खुला दिवस होता. त्या शाळेचा म्हणजे जिथे आमच्या साहेबांचा नातू जातो, दोन हॉटेलमालकांची मुलं जातात आणि एका मोठ्या इस्पितळाच्या संचालकांची जुळी जातात. मी गाद्यांच्या कंपनीत विक्री बघतो. त्या फाटकावर रोज सकाळी नुसता उभा राहिलो तरी वर्षाचं टार्गेट हसत हसत पुरं होईल. अर्थात ही गोष्ट दुय्यम. मुख्य म्हणजे भाषेचं प्रेम. त्या शाळेत प्लॅस्टिक नाही, स्क्रीन नाही, लिफ्ट नाही. मुलं लाकडी बाकांवर बसतात आणि जुने, अस्सल, घरगुती शब्द बोलतात. साधेपणा इतका, की फी ऐकून माणसाने मटकन खाली बसावं.

तिथल्या मुख्य बाईंनी एक कंदील वर धरला आणि विचारलं, “बाळांनो, हे काय आहे?” आमच्या भिंगरीने पहिला हात वर केला. मी छाती फुगवली. तिने पुढे जाऊन कंदील सगळीकडून नीट पाहिला, खालूनही पाहिला आणि बाईंना म्हणाली, “ह्याचा चार्जर हरवला का?”

सगळे पालक खो खो हसले. मीही हसलो, म्हणजे ही कोणाची तरी दुसऱ्याचीच मुलगी आहे असं वाटावं म्हणून. पुढचा मुलगा एका डॉक्टरीणबाईंचा. तो घडाघडा म्हणाला, “हा कंदील. ही वात, ही काच. काजळी धरली की काच पुसायची.” त्या मुलाच्या बारा पिढ्यांत कोणी काजळी पुसली असेल तर मी मिशी उतरवीन.

प्रवेशाची मुलाखत महिनाअखेरीला आहे. शब्दांची यादी मिळाली. उंबरठा, कोनाडा, कडी, खुंटी, फडताळ, ठिगळ, वळचण, उसनं... अशी लांबलचक. भिंगरीला त्यातला एकही येत नाही. सहा वर्षांची घोडी झाली!

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती नर्स आहे, या महिन्यात रात्रपाळी आहे, केस बांधत होती. म्हणाली, “कंदील नाही माहीत तर काय झालं? तुला तरी लावता येतो का?”

अरे, प्रश्न लावण्याचा आहेच कुठे? प्रश्न शब्दाचा आहे. पण बायकोला कोण समजावणार!

कंपनीची डायरी दरवर्षी फुकट येते आणि कोरी राहते. यंदा लिहायची. उद्या मुलगी त्या शाळेत गेली की पालक-सभेत अनुभवकथन करायची पाळी येणारच. मुद्दे हाताशी असलेले बरे.

६ जानेवारी, मंगळवार

शब्दगुरू सापडला. जिमच्या मागच्या खोलीत क्लास घेतो. वय असेल पंचविशीच्या आत-बाहेर. आधी मोबाइलची कव्हरं विकायचा, पण आता झब्बा घालतो. त्याची पद्धत शास्त्रशुद्ध आहे. त्याने टाळी वाजवून शब्द उच्चारला की मुलाने एका दमात व्याख्या म्हणायची. मध्ये श्वास घेतला तर बाद.

“उंबरठा!”

“दाराच्या-चौकटीचा-खालचा-आडवा-भाग!” पोरं एका सुरात ओरडली. जिममधले पहिलवान वजनं खाली ठेवून बघायला लागले.

भिंगरीने विचारलं, “पण तो कशाला असतो?” शब्दगुरू म्हणाला, “कशाला-बिशाला मुलाखतीत विचारत नाहीत.” मला माणूस आवडला. धंद्यातला आहे.

९ जानेवारी, शुक्रवार

प्रगती आहे. खुंटी, फडताळ आणि कोनाडा पाठ. वळचणीला अजून अडखळते.

एक अडचण मात्र आहे. पोरगी मधूनच काहीतरी अगम्य बोलते. बायको ड्यूटीला गेली की भिंगरीला झोपवायचं काम माझ्याकडे. मी दिवा घालवला, दार लावायला लागलो, तर म्हणे, “बाबा, उजू ठेव ना थोडा.”

म्हटलं, “शुद्ध बोल.”

“आई ठेवते. एवढासा.” दोन बोटांत चिमटीएवढं अंतर दाखवलं.

म्हटलं, “आई काय वाटेल ते ठेवत असेल. वळचण म्हणजे काय ते सांग आधी.” तिने सांगितलं, अंधारातच. पण श्वास दोनदा घेतला. मी दार घट्ट लावून घेतलं. नंतर सहज कोश उघडून पाहिला. उजागर आहे, उजळणी आहे, उजू नाही. नसलेल्या शब्दांनी डोकं भरलं तर असलेल्यांना जागा कुठून राहणार?

११ जानेवारी, रविवार

आज प्रात्यक्षिक. यादीतला ‘उसनं’ हा शब्द पोरांना कळतच नाही, असं शब्दगुरू म्हणाला. साखर संपली तर दहा मिनिटांत माणूस दारात पिशवी आणून देतो. शेजारी वाटी घेऊन जायचं हे पोरांनी बघितलेलंच नाही. तेव्हा एकदा करून दाखवा.

आता आली का पंचाईत! या इमारतीत राहून आठ वर्षं झाली, पण शेजारी कोण राहतं याचा पत्ता नाही. म्हणून इमारतीच्या ग्रुपवर रीतसर मेसेज टाकला: “आज सकाळी अकरा वाजता माझी कन्या शैक्षणिक कारणासाठी वाटीभर साखर उसनी मागायला येईल. कृपया ‘घे हो बाळ, सावकाश दे’ असं म्हणावं. साखर लगेच परत केली जाईल.”

काय धुरळा उडाला! तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी विचारलं, ही नवीन फसवणुकीची तऱ्हा आहे का. चौथ्या मजल्यावर मधुमेह, तिथे फक्त बिनसाखरेच्या गोड गोळ्यांची डबी होती. एकाने लिहिलं, आमच्याकडे गूळ चालेल का. सेक्रेटरीने कळवलं की दारोदार फिरून काही मागायला सोसायटीच्या नियमांत मनाई आहे. आणि दोन घरांनी खासगीत विचारलं की तुम्हीही त्या शाळेसाठीच का, आमचाही मुलगा पाठवू का. साखर द्यायला कोणी नाही, मागायला मात्र तिघं तयार.

शेवटी समोरचं दार उघडलं. तिथे एक निवृत्त न्यायाधीश एकटे राहतात, हे मला आजच समजलं. भिंगरी वाटी घेऊन उभी राहिली. मी मागे मोबाइलवर व्हिडिओ घेत होतो.

“काय पाहिजे?” ते गरजले.

“वाटीभर साखर उसनी.”

“कशासाठी?”

“बाबांना पाहिजे म्हणून.”

“हं. परत कधी करणार?”

“तुम्ही म्हणाल तेव्हा.”

“साक्षीदार कोण?” तिने माझ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी चष्म्यावरून मला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाले, “हा साक्षीदार भरवशाचा दिसत नाही. दुसरा आण.” भिंगरी धावत जाऊन आपला कापडी ससा घेऊन आली. त्यांनी सशाला रीतसर शपथ दिली, वाटी शिगोशीग भरली आणि म्हणाले, “पुढची तारीख उद्या.”

“घे हो बाळ, सावकाश दे” हे वाक्य म्हातारा शेवटपर्यंत बोलला नाही. व्हिडिओ वाया गेला.

१५ जानेवारी, गुरुवार

दोन दिवस दौऱ्यावर होतो, त्यासाठी बायकोने दोन रात्री रजा घेतली. संध्याकाळी दारात पाऊल टाकलं तर भिंगरी सुसाट धावत आली. “बाबा, परतपापा!” असं म्हणून गाल पुढे करून उभी. माझ्या कानाला फोन. एका हॉटेलचा खरेदी-मॅनेजर, तब्बल एका मजल्याच्या गाद्यांचं बोलत होता. मी बोट वर करून ‘एक मिनिट’ अशी खूण केली. ती बराच वेळ गाल पुढे करून तशीच उभी होती. मग गेली.

जेवताना विचारलं, “मघाशी काय म्हणत होतीस?”

“काही नाही.”

वर तोंड करून ‘काही नाही’ म्हणते! कोश पाहिला. परतणे, परतफेड, परतवारी. पुढचा शब्द थेट परदेश. म्हणजे हेही मनाचंच.

रोज समोर जाते ती. साखर नेऊन देते आणि पुन्हा उसनी आणते. आज म्हणे, पन्नास दाणे जास्त आले म्हणून खटला चालला. मी तिला स्पष्ट सांगितलं, ‘उसनं’ झालं पाठ, आता ‘ठिगळ’ घ्यायचं आहे, एका शब्दावर किती दिवस घालवणार? रडायला लागली. बायको म्हणाली, “जाऊ दे ना रे तिला.” दोघींचं संगनमत.

१८ जानेवारी, रविवार

आज जे पाहिलं ते लिहितानाही बोटं अडतात. मी बाजारातून आलो तर डायनिंग टेबलावर चारी बाजूंनी चादर सोडलेली. माझी नवी, कंपनीच्या प्रदर्शनातली, सॅटिनची चादर! आतून खुसुखुसु हसू. आणि चादरीखालून बाहेर आलेले दोन पाय. मोजे घातलेले, म्हातारे.

चादर उचलली. आत बायको, भिंगरी, ससा आणि निवृत्त न्यायाधीश मांडीला मांडी लावून बसलेले. टॉर्च पेटवलेला. मधोमध बिस्किटं.

“बाबा, गुपडीत ये ना! जागा आहे!” भिंगरी ओरडली.

“या साहेब,” न्यायाधीश म्हणाले. “पण गुपडीत शिरताना फोन बाहेर ठेवावा लागतो. मलाही ठेवावा लागला.”

एवढा मोठा माणूस, एके काळी लोक याच्यापुढे चळाचळा कापत असतील, तो माझ्या टेबलाखाली! मला त्यांच्या मणक्याची खरोखर काळजी वाटली. ते बाहेर आले तेव्हा आमच्या ऑर्थोपेडिक गादीचं माहितीपत्रक दिलं. त्यांनी ते घडी करून सशाच्या पाठीखाली ठेवलं.

संध्याकाळी भिंगरी म्हणाली, “बाबा, आपण दोघंच खेळू या?” म्हटलं, ‘खेळ’ हा शब्द यादीत नाही, ‘खुंटी’ घेऊ. तिने खुंटी म्हणून दाखवली, एका दमात. चादर धुवायला टाकली.

‘गुपडी’ कोशात नाही, हे सांगायला नकोच.

२४ जानेवारी, शनिवार

आज घरात महाभारत झालं, आणि सगळे मलाच दोषी धरतात. म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवतो.

आमच्या दारांना बटणाची कुलपं आहेत. यादीत ‘कडी’ आहे. मनात आलं, पोरीला खऱ्या कडीचा अनुभव मिळावा. दुसऱ्या कोणा पालकाला हे सुचलं असतं? सुतार बोलावला, भिंगरीच्या खोलीच्या दाराला आतून चांगली जाड लोखंडी कडी बसवून घेतली. सुताराने विचारलं, “लहान मुलाच्या खोलीला आतून कडी?” म्हटलं, “तुम्ही ठोका.”

भिंगरीने आत जाऊन कडी लावली. मी बाहेरून टाळ्या वाजवल्या. म्हटलं, “शाब्बास! आता काढ.” पाच मिनिटं नुसती खडखड. कडी नवीन, घट्ट बसलेली. पोरीने ती लावताना जोर लावून दाबली होती.

“बाबा, निघत नाही.”

“घाबरू नकोस. कडी म्हणजे काय?”

“दार-आतून-बंद-करण्याचे-लोखंडी-साधन.”

“बरोबर! मग काढ.”

“कसं?”

आता कसं ते मला तरी कुठे धड सांगता येत होतं! मी म्हटलं, “ते साधन जे आहे ना, ते कोयंड्यातून विलग कर.” आतून आवाज आला, “कोयंडा-म्हणजे-कडी-अडकवण्याचे-लोखंडी-कडे.” मग हुंदका. मग पुन्हा, “दार-आतून-बंद-करण्याचे-लोखंडी-साधन. दार-आतून-बंद-करण्याचे...” एकसारखं तेच. मी व्याख्या बरोबर आहे, बरोबर आहे, असं ओरडत होतो आणि दार बडवत होतो. घामाने निथळलो. सुताराचा फोन लागेना.

रात्रपाळी करून झोपलेली बायको उठली. दाराशी खाली जमिनीवर बसली, दाराला गाल लावला. म्हणाली, “चिमणे, मी इथेच आहे. रड आधी थोडं. झालं? आता ते लोखंड हातात धर. माझं बोट धरतेस ना, तसं. आता ते वर ढकल. नाही गेलं? सशाला घे, सशाच्या डोक्याने ढकल.” खट्ट आवाज झाला. भिंगरी बाहेर आली ती थेट आईच्या कुशीत. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बायकोने माझ्याच हत्यारपेटीतून पेचकस काढला आणि कडीचे स्क्रू एकेक करून उपटले. मग मला म्हणाली, “तुझ्या त्या यादीत ‘घाबरणं’ आहे का?”

“नाही,” मी म्हटलं, “तो अजून चालू शब्द आहे.”

तिने माझ्याकडे असं काही पाहिलं, की इस्पितळातले पेशंट औषध न विचारता का गिळत असतील ते मला समजलं. दुपारपासून अबोला आहे. अबोला यादीत आहे, त्याचा सराव आपोआप होईल.

२७ जानेवारी, मंगळवार

अबोला चालू. सराव उत्तम. यादी पूर्ण पाठ, श्वास न घेता. शब्दगुरूच्या मते भिंगरी क्लासमध्ये पहिल्या तिघांत आहे. फक्त आजकाल ती मध्ये कशालाही “हे काय?” असं विचारत नाही. एकाग्रता वाढली.

३१ जानेवारी, शनिवार

आज मुलाखत झाली. माझा संताप अजून खाली बसलेला नाही.

बायकोला ऐन वेळी इस्पितळात थांबावं लागलं, म्हणून मी आणि भिंगरी दोघंच गेलो. भिंगरीला आधी आत नेलं. मी बाहेर बाकावर. लाकडी बाक, पाठ मोडली. ही शाळा आमच्या गाद्यांची किती मोठी गिऱ्हाईक होऊ शकते याचा हिशेब करत बसलो. अर्ध्या तासाने मला बोलावलं. बाई हसतमुख होत्या. “मुलगी फार छान आहे. सगळे शब्द आले.” मी मनातल्या मनात पेढे वाटायला घेतले.

मग त्यांनी समोरून एक जाड पांढरं कार्ड उचललं. “यंदा आम्ही एक नवी फेरी ठेवली आहे, पालकांसाठी. प्रत्येक घरात मुलांचे स्वतःचे काही शब्द असतात, कुठल्याच कोशात नसलेले. तुमच्या मुलीचे तीन शब्द सांगा, अर्थासकट. तिने मघाशीच आम्हाला सांगितलेत.”

“पण हे यादीत नव्हतं!” मी म्हटलं.

“नाहीच.”

“म्हणजे अभ्यासक्रमाबाहेरचं विचारणार तुम्ही?”

“आधीच्या बाईंनी सात सांगितले,” त्या म्हणाल्या. डॉक्टरीण! कंदिलवाली!

माझ्या कानशिलांवर घाम आला. पण माझी स्मरणशक्ती तल्लख आहे. गिऱ्हाइकांच्या पोराबाळांची नावं मला पाठ असतात. मी ठणकावून म्हटलं, “गुपडी.”

“छान! म्हणजे?”

म्हणजे! भिंगरी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती. तिने बाईंचं लक्ष नाही असं बघून हळूच दोन्ही हात डोक्यावर नेले आणि बोटं एकमेकांना जुळवली.

“टोपी?” मी म्हटलं.

तिने बारीक मान हलवली. खांदे आत ओढले, अंग चोरून बसली आणि बाजूची जागा थोपटली.

“थंडी वाजणं?”

“बाळ, खुणा नको हं,” बाई म्हणाल्या.

पुढचा शब्द ‘उजू’. मी म्हटलं, उजव्या हाताला लाडाने म्हणते. भिंगरीने चिमटीएवढी दोन बोटं दाखवली आणि बाईंनी पाहताच पटकन फ्रॉकखाली लपवली. मग ‘परतपापा’. हा मात्र मी तर्काने जवळजवळ पकडलाच होता. म्हटलं, “परत आलेले पप्पा. दौऱ्यावरून.”

“मग त्यांचं काय?” बाईंनी विचारलं.

“काय म्हणजे? येतात ते.”

बाईंनी कार्डावर काहीतरी लिहिलं. आणि अचानक भिंगरी खुर्चीवरून उतरली, बाईंच्या टेबलाशी गेली आणि म्हणाली, “बाई, त्याला येतं. तो फक्त कामात असतो ना, म्हणून. त्याला थोडा वेळ द्या.”

मी बाईंकडे पाणी मागितलं.

येताना रस्त्यात तिने माझं बोट धरलं होतं. म्हणाली, “बाबा, तू नापास झालास तरी आई ओरडणार नाही.” मी म्हटलं, नापास कोण झालंय, प्रश्न चुकीचा होता. ती “हो” म्हणाली.

शब्दगुरूला फोन करून झापलं. तो म्हणाला, पालकांची बॅच पुढच्या आठवड्यापासून सुरू करतोय, नाव नोंदवू का.

५ फेब्रुवारी, गुरुवार

शाळेचा मेसेज आला. तसाच्या तसा उतरवतो.

“आपल्या कन्येची निवड झाली आहे. अभिनंदन. वडील प्रतीक्षा यादीत आहेत. पालक-फेरी एकवीस तारखेला पुन्हा होईल. त्यात उत्तीर्ण न झाल्यास जागा पुढील मुलास देण्यात येईल.”

सहा वर्षांची पोर पास आणि बाप वेटिंगवर! साहेबांना काय तोंड दाखवू? त्यांनी विचारलंच, “काय रे, झालं का पोरीचं?” म्हटलं, “झालं साहेब, किरकोळ एक कागद राहिलाय.”

७ फेब्रुवारी, शनिवार

हार मानणाऱ्यांतला मी नाही. एकवीस तारखेपर्यंत भरपूर वेळ आहे. तीन शब्द तर तीन शब्द, दहा पाठ करून जातो.

सकाळी समोर गेलो. न्यायाधीश दारातच उभे राहिले. म्हटलं, “तुम्हाला माझ्या मुलीचे शब्द माहीत आहेत. अर्थ सांगता का?”

“माहीत आहेत,” ते म्हणाले. “पण ते मला विश्वासाने सांगितलेले आहेत. उघड करता येणार नाहीत.”

“अहो, मी बाप आहे तिचा!”

“त्याचा पुरावा अजून समोर आलेला नाही,” म्हणाले आणि दार लावून घेतलं. थट्टा करतात की काय कळेना.

मग बायकोला विचारलं. अबोला संपलाय, म्हणजे कामापुरतं बोलते. ती भाजी निवडत होती. “सांगते की. पण अर्थ कळल्यावर काय करशील?”

“पाठ करीन.”

ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि मग हसणं थांबलं तरी पाणी येतच होतं. “तिलाच विचार,” म्हणाली. “घरातच आहे ती.”

म्हणून दुपारी वही-पेन घेऊन भिंगरीच्या खोलीत गेलो. ती जमिनीवर खेळत होती. मी म्हटलं, “भिंगरे, मला तुझे शब्द शिकवतेस?”

तिचा चेहरा असा खुलला! इतका खुललेला मी तो कधी पाहिला होता ते आठवेना. लगेच सरकून तिने बाजूला जागा केली. “बस. इथे बस. सगळे शिकवू?”

“सगळे,” मी म्हटलं आणि पेनाचं टोपण काढलं.

ती पेनाकडे बघत राहिली. मग वहीकडे. मग हळूच म्हणाली, “परीक्षा आहे का?”

मी दिवसभर गिऱ्हाइकांना सांगतो की ही गादी खास तुमच्याच पाठीसाठी बनवली आहे. थाप मारताना माझा आवाज कधी हलत नाही. पण काय झालं कोण जाणे, ती थाप काही तोंडातून बाहेर पडेना.

“हो,” मी म्हटलं. “एकवीस तारखेला.”

“मग नको,” ती म्हणाली. रागाने नाही. नको असलेली भाजी ताटाच्या कडेला सारावी इतकं सहज. आणि पुन्हा आपल्या जागेवर सरकली.

मी उठून दारापर्यंत आलो, पण बाहेर पडावंसं वाटेना. तिथेच उभा राहिलो. तिने तीन चमचे उशीवर ओळीने निजवले होते. त्यांच्यावर आईचा एक जुना मोजा पांघरला. मग पालथी पडून, तोंड अगदी जवळ नेऊन, ती त्यांच्याशी हळूहळू बोलायला लागली. खिशातला फोन वाजत होता, तो मी बंद केला आणि कान देऊन ऐकलं. ती कितीतरी वेळ बोलत होती. मला एकही शब्द कळला नाही.